शून्य पाहिलं का?

माझ्या नणंदेचा पाण्यावर काडीचा विश्वास नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण धरणांच्या कामात जन्म काढलेली बाई म्हटलं की लोकांना वाटतं, हिला पाणी फार प्रिय असणार. कसलं प्रिय. आमच्या न्हाणीघरातला नळ टपकत राहिला की त्या वरच्या मजल्यावरून उतरून यायच्या, नळ घट्ट पिळायच्या आणि म्हणायच्या, "मोकळं सोडलं की ते खोदायलाच लागतं." टपकणाऱ्या नळाने माझं न्हाणीघर काय खोदलं जाणार होतं देव जाणे. पण बोलायची सोय नव्हती. थोरली नणंद पडली. आमचे हे तर त्यांच्यापुढे अजूनही शाळेतल्या मुलासारखे उभे राहतात.

मी त्यांना वन्सं म्हणते. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही, हे मी या घरात आल्या आल्याच विचारलं होतं, उचलली जीभ लावली टाळ्याला. "राहून गेलं," एवढंच त्या म्हणाल्या, बाजारातून मीठ आणायचं राहून जावं तसं. वरच्या मजल्यावर त्यांची एक खोली, एक गॅलरी आणि एक खुर्ची. दुसरी खुर्चीच नव्हती. मी वर गेले की पलंगाच्या कडेला बसावं लागे. ते त्यांना आवडत नसे, म्हणून मी मुद्दाम तिथेच बसायचे.

नोकरी पाण्याच्या प्रयोगशाळेत. नदीवर धरण बांधायच्या आधी तिथे त्याचं लहान मॉडेल बांधतात, त्यावरून पाणी सोडतात आणि काय होतं ते मोजतात. लहान म्हणायचं, पण पत्र्याच्या लांबच लांब हॉलमध्ये माणसापेक्षा उंच उभं असतं ते. वन्संचं काम सांडव्याचं. धरण भरलं की जादा पाणी ज्या उतारावरून खाली सोडतात तो सांडवा. आणि त्यांचे सांडवे पायऱ्यांचे. पायऱ्या कशाला, पाणी काय चालत उतरणार आहे का, असं मी एकदा विचारलं तेव्हा नेमकं माझं दूध उतू चाललं होतं.

"गुळगुळीत उतार केला तर पाणी घसरत येतं," त्या गॅस बंद करत म्हणाल्या, "आणि खाली पोचेपर्यंत इतका जोर धरतं की नदीचा तळ उखडून काढतं. पायऱ्या केल्या की पायरीपायरीला त्याला ठेच लागते. खाली येईपर्यंत माज उतरलेला असतो."

"मग झालं की. भानगड काय उरली?"

"वर ते नितळ असतं, काळंशार. थोडं खाली आलं की त्यात हवा शिरते. पांढरं होतं आणि फुगतं, या तुझ्या दुधासारखं. दोन्ही बाजूंच्या भिंती त्या फुगलेल्या पाण्याला पुरायला हव्यात. नाही पुरल्या तर ते उतू जातं आणि धरणाच्या कडेची माती खात सुटतं."

त्यांचं आयुष्य म्हणजे एवढंच, भिंत किती उंच ठेवायची ते सांगणं. मी हसले होते तेव्हा. ओटा मात्र त्यांनीच पुसला.

आता त्या हॉलची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मॉडेलच्या वर एक लोखंडी रूळ, रुळावर सरकणारी गाडी आणि गाडीला वरखाली होणारी सुई. सुईचं टोक पाण्याला टेकलं की पट्टीवरचा आकडा वाचायचा, त्यावरून पाणी किती खोल ते कळतं. हे काम एकट्याने करायचं नाही असा तिथला शिरस्ता. एकाने आकडा मोठ्याने बोलायचा, दुसऱ्याने तोच मोठ्याने परत म्हणायचा आणि मग लिहायचा. आणि दरवेळी पाणी सोडायच्या आधी लिहिणाऱ्याने बोलणाऱ्याला विचारायचं, "शून्य पाहिलं का?" म्हणजे कोरड्या पायरीच्या कडेला सुई टेकवून बघितली का, की मोजायला सुरुवात नेमकी कुठून आहे. तीच जागा चुकली तर पुढचं सगळं मोजणं वाया.

वन्सं बोलणाऱ्या. लिहिणारे एक गृहस्थ होते. उभी हयात दोघांनी त्या एका रुळाखाली काढली. हॉलमध्ये त्यांना नावाने कुणी हाकच मारत नसे, लिहिणारे म्हणजे लिहिणारे. त्यांना बायको होती, मोठी झालेली मुलं होती. आमच्या घरी ते एकदाच आले, वन्सं तापाने पडल्या होत्या तेव्हा. दारातच उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. "ताप किती?" विचारलं. यांनी आकडा सांगितला. त्यांनी तो जसाच्या तसा मोठ्याने परत म्हटला, मान हलवली आणि गेले. मी दार लावून पोट धरून हसले. वरून वन्संनी आवाज दिला, "कोण आलं होतं?" मी सांगितलं. संध्याकाळी ताप उतरला.

मी खोदून विचारणारी बाई आहे. विचारलंच एकदा, "वन्सं, तुमचं आणि त्यांचं काही...?"

"आकड्यांशिवाय आम्ही कधी काही बोललो नाही," त्या म्हणाल्या. त्यात लाज नव्हती, तक्रारही नव्हती. मला वाटलं, उगाच विचारलं.

लिहिणारे गेले ते अगदी अचानक. सकाळी कामाला निघताना जिन्यात बसले आणि उठलेच नाहीत. वन्सं त्यांच्या घरी जाऊन आल्या. मी सोबत होते. आत बायकामाणसं त्यांच्या पत्नीला धरून बसली होती, मुलांच्या खांद्यावर हात ठेवायला लोक पुढे होत होते. वन्सं भिंतीला पाठ लावून चपलांच्या ढिगाशेजारी उभ्या. त्यांच्या खांद्यावर कोण हात ठेवणार? नातं काय सांगायचं? कुणीतरी विचारलं, "आपण कोण?" वन्सं म्हणाल्या, "ऑफिसातली." मला रडू आलं ते त्या शब्दाने. त्या माणसाला मी धड ओळखतही नव्हते.

त्यानंतर त्या जास्तच आत आत गेल्या. जेवायला खाली येणं बंद झालं. ताट वर पाठवायचं, रिकामं खाली यायचं. मी जिन्यातून ओरडायचे, "भाजी कशी झाली होती?" उत्तर यायचं, "ठीक." वर्षभर माझ्या सगळ्या भाज्या ठीकच झाल्या. आमचे हे म्हणत, तिला तिच्या जागी राहू दे. पुरुषांना काय, राहू दे म्हटलं की संपलं. वर पावलं वाजायची ती फक्त खुर्चीपासून पलंगापर्यंत, हे खाली बसून मला ऐकू यायचं.

लिहिणाऱ्यांच्या जागी ऑफिसने एका बाईंना दिलं. चाळिशीच्या, दुसऱ्या गावच्या ऑफिसातून बदलून आलेल्या, त्याही इंजिनिअर. तिथे सगळे त्यांना नवीनबाई म्हणू लागले आणि पुढे जुन्या झाल्या तरी नवीनबाईच राहिल्या. पहिल्याच दिवशी वन्संनी त्यांना हॉलमधून परत पाठवलं. साहेबांना सांगितलं, "बाईंचा हात जड आहे, मॉडेलला धक्के लागतात. मी एकटी करीन." घरी येऊनही मला तेच सांगितलं, आणि मी मूर्खासारखी त्या न पाहिलेल्या बाईच्या नावाने चार शब्द बोलून मोकळी झाले. नवीनबाईंना शेजारच्या खोलीत टेबल मिळालं, कागदी काम मिळालं. वन्सं एकट्याच मोजू लागल्या. स्वतःच आकडा बोलायच्या, स्वतःच परत म्हणायच्या, स्वतःच लिहायच्या. हे मला हॉलमधल्या फिटरने सांगितलं. तो यांच्या ओळखीचा. "बाई दोन आवाजात बोलतात," तो म्हणाला, "दुसरा जरा जाडा काढतात." त्याला त्यात गंमत वाटत होती. मला वाटली नाही.

अशा दोन वर्षांत त्यांनी एका मोठ्या धरणाचा सांडवा पुरा केला. निकाल झकास आला. पाणी वाटलं होतं त्यापेक्षा कमी खोल, म्हणजे भिंती ठेंगण्या चालतील, म्हणजे तेवढं काँक्रीट वाचलं. साहेब खूश. वन्संची निवृत्ती तोंडावर आली होती, तर निवृत्तीनंतरही सल्लागार म्हणून याच हॉलमध्ये या, असं त्यांनी सांगून टाकलं. मी म्हटलं, बरं झालं, नाहीतर या बाईने वर बसून दिवसभर काय केलं असतं. धरणाच्या जागी भिंती चढायला लागल्या होत्या. इकडे मॉडेलचं काम संपलं म्हणून ते त्या आठवड्याअखेर फोडायचं ठरलं, पुढच्या मॉडेलला जागा हवी होती.

आणि फिटर रूळ काढायला आला. एका बाजूचे नट सोडले, रूळ उचलला आणि खालून काळ्या रबराची एक जाड पट्टी ओढून काढली. "हे रबर ठेवू की टाकू?" त्याने विचारलं.

"कसलं रबर?" वन्सं म्हणाल्या.

"मधे रूळ रंगवायला काढला होता ना, परत बसवताना थरथरत होता. म्हणून खाली घातलं. दोन्हीकडे आहे." बिचाऱ्याने काम चोखच केलं होतं. त्याला काय माहीत.

रूळ रबराएवढा वर गेला होता. सुई रबराएवढी वर गेली होती. आणि वन्सं जुनंच शून्य धरून मोजत राहिल्या होत्या. एकदा, फक्त एकदा कोरड्या पायरीला सुई टेकवून बघितली असती तर त्याच दिवशी कळलं असतं. तिथे करंगळीच्या नखाएवढं जाड रबर, ते खऱ्या धरणावर वीतभर होतं. पाणी त्यांनी मोजलं त्याहून तितकं जास्त खोल होतं, आणि वर ते हवेने फुगणार ते निराळंच. सगळ्यांना आवडलेला तो निकाल रबराचा होता.

त्या दिवशी वन्सं दुपारीच घरी आल्या आणि वर न जाता माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. मी घाबरले. त्या कधी पाटावर बसल्या नव्हत्या. सगळं सांगितलं त्यांनी, अगदी मला समजेल असं, रबरासकट.

"मग परत मोजा," मी म्हटलं. मला सगळं सोपंच वाटतं.

"मोजायला हवंच. मॉडेल आहे तोवर. आणि तिकडे भिंतीचा माथा बांधून पुरा व्हायच्या आत."

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. चिडले. सल्लागाराचं विसरा म्हणाले. ते जाऊ दे." त्या बोटांनी पाटाची कड चाचपत होत्या. "या वेळी दोन माणसं लागतील म्हणाले. एकटीचे आकडे आता कुणी धरणार नाही. माझे मीही धरणार नाही."

"मी येते," मी म्हटलं. "आकडा परत म्हणायचा, एवढंच ना?"

आणि माझी मजल बघा, दुसऱ्या दिवशी मी खरंच गेले. वन्संनीही नेलं, यावरून त्यांची काय अवस्था होती ते ओळखा. हॉलमध्ये ओल्या सिमेंटचा वास, पंपांची घरघर आणि मधोमध ते पायऱ्यांचं मॉडेल, वर रबर काढून परत बसवलेला रूळ. वन्सं शिडीवर चढल्या, सुई टेकवली आणि आकडा बोलल्या. मी म्हटलं, "बरं." त्यांनी वरून बघितलं. "बरं नाही म्हणायचं. आकडा म्हणायचा." पुढच्या वेळी मी आकडा म्हटला आणि वर विचारलं, "म्हणजे चांगलं की वाईट?" तिसऱ्या वेळी मला त्या पांढऱ्या पाण्याकडे बघत राहावंसं वाटलं आणि म्हणायचं राहूनच गेलं. वन्सं खाली उतरल्या. रागावल्या नाहीत, तेच वाईट.

"तुझं काम नाही हे," त्या म्हणाल्या. "जाणतं माणूस हवं."

"मग ती नवीनबाई आहे ना? हात जड असला तर असू दे, तिने कशाला हात लावायचाय? नुसतं म्हणायचंय."

वन्सं मॉडेलकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "तिचा हात जड नाही," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले."

"कशाला?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी ती आली, तिथे उभी राहिली, तू आहेस तिथेच. आणि म्हणाली, शून्य पाहिलं का? तेच शब्द, तीच वेळ. सगळ्यांना तसंच शिकवतात, तिचा काय दोष. पण मला ते दुसऱ्या आवाजात ऐकवेना. म्हणून हाकललं तिला." त्या पुढे म्हणाल्या, "आणि तोच प्रश्न मला कुणी विचारायला नको म्हणून मी स्वतःलाही कधी विचारला नाही. बाकीचं सगळं दोन आवाजात म्हणायचे. तेवढं सोडून."

एवढं एका दमात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी पदराने हात पुसले आणि शेजारच्या खोलीकडे निघाल्या. मी मागोमाग. मला कुणी ये म्हटलं नव्हतं, पण मी राहते की काय.

नवीनबाई खिडकीशी बसून कागद लावत होत्या. गोल चेहऱ्याची, हसरी बाई. वन्संना दारात बघून हसू गेलं आणि त्या उभ्या राहिल्या. वन्संनी रबराचं सगळं सांगितलं, काही न लपवता. मग म्हणाल्या, "साहेबांना मी तुमच्याबद्दल जे सांगितलं ते खरं नव्हतं. तुम्ही चुकला नव्हतात. आजच त्यांना तसं सांगणार आहे. मोजायला याल का? नाही म्हणालात तरी माझं काही म्हणणं नाही."

नवीनबाई बराच वेळ कागदांच्या कडा जुळवत राहिल्या. "मी घरी जाऊन माझे हात बघायचे," त्या म्हणाल्या. "जड म्हणजे काय, ते मला कळायचं नाही. नवऱ्याला विचारलं, तुला माझा हात जड वाटतो का? तो म्हणाला, पोळी जाड होते खरी." त्या हसल्या नाहीत, आम्हीही हसलो नाही. मग त्यांनी पेन घेतलं. "चला. मॉडेल फोडायच्या आत व्हायला हवं ना?"

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, मूग गिळून. वन्सं शिडीवर चढल्या. पाणी बंद होतं, पायऱ्या कोरड्या. नवीनबाई खाली उभ्या राहिल्या आणि त्यांचं तोंड उघडेना. आता हे कसं विचारायचं, असं झालं असणार त्यांना. पंप बंद, हॉलमध्ये अगदी शांत. शेवटी वन्संच वरून म्हणाल्या, "विचारा, बाई."

"शून्य पाहिलं का?"

वन्संनी सुई पायरीला टेकवली. इतका वेळ लावला की मला वाटलं, यांना खाली उतरवावं लागणार. मग त्या आकडा बोलल्या. नवीनबाईंनी तो परत म्हटला, स्वच्छ, घाई न करता. आणि पाणी सोडलं.

मॉडेल फोडायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत काम चाललं. मी रोज दोन डबे घेऊन जायचे, एक वन्संचा, एक नवीनबाईंचा. पहिल्या दिवशी दोघी वेगवेगळ्या टोकांना बसून जेवल्या. दुसऱ्या दिवशी नवीनबाई डबा घेऊन शिडीच्या पायाशी आल्या आणि विचारलं, "इथे बसू?" वन्संनी पाय आवरून जागा केली. शेवटच्या दिवशी मी पोचले तेव्हा नवीनबाई नवऱ्याचं काहीतरी सांगत होत्या आणि वन्सं हसत होत्या. खरं सांगते, मला ओळखूच आलं नाही, कोण हसतंय ते. मी दारातच थांबले. आत गेले असते तर थांबलं असतं.

निकाल वाईटच आला, म्हणजे बरोबर आला. भिंत वीतभर कमी होती. तिकडे काम थांबवलं, माथा वाढवला. साहेबांनी वन्संना निवृत्तीला कोरडा निरोप दिला, दोन वाक्यांत. पुढचं पाणी कधीही आलं तरी भिंतीच्या आत राहील. वन्संना हवं होतं ते एवढंच, आणि ते झालं. वाढवलेल्या भिंतीवर लक्ष ठेवायला नवीनबाईंची धरणाच्या जागी बदली झाली. चांगली बढती होती. बिऱ्हाड आवरून त्या निघूनही गेल्या, जायच्या आधी आमच्या दारात येऊन वन्संचे दोन्ही हात हातात धरून उभ्या राहिल्या आणि मग त्यांची गाडी आली.

त्या दिवशी वन्सं खाली जेवायला बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं. यांनी मुकाट्याने पाट सरकवला. मी वाढलं. दोन घास खाल्ल्यावर त्यांनी हात थांबवला.

"चांगली बाई गं," त्या म्हणाल्या. "किती बोलते. डबा उघडला की सुरू. पोरांचं, नवऱ्याचं, शेजारणीचं. मला सगळं ऐकायचं होतं, वेळच पुरला नाही."

"येतील की परत कधी," हे म्हणाले.

वन्संनी मान हलवली. ताटाकडेच बघत होत्या. "दोन वर्षं ती शेजारच्या खोलीत होती. मधे फक्त दार होतं, तेही उघडंच असायचं. मला नुसती हाक मारायची होती."

यांनी माझ्याकडे बघितलं. मला गप्प बसता येत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. या वेळी मात्र मी उठून त्यांच्या ताटात भात वाढला, नको म्हणत होत्या तरी, आणि त्यांच्या शेजारी तशीच खाली बसले.